नाकाचं ऑपरेशन झाल्यावर चेहऱ्याला काय लावायचं, आणि काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाकाचा पडदा वाकडा होता, त्याच वेळी बाहेरचा आकारही नीट करून घेतला. आज बारावा दिवस. आठव्या दिवशी नाकावरचं प्लास्टर निघालं, आणि खालून जे नाक दिसलं ते पाहून तुम्ही घाबरलात. काळे ठिपके, पांढरे बारीक दाणे, तेलकट थर, कडेने सुटणारी सालं, डोळ्यांखाली पिवळट-हिरवट झाक. आई डाळीचं पीठ आणि हळद लाव म्हणते, मैत्रीण पार्लरमध्ये जाऊन क्लीन-अप करून घे म्हणते. पाच आठवड्यांनी भावाचं लग्न आहे आणि नथ घालायची आहे. तर आता नाकाला लावू काय?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. नाकाची ऑपरेशन्स मी करत नाही, पण ऑपरेशननंतर त्वचेच्या तक्रारी घेऊन सर्जनकडून माझ्याकडे येणारे रुग्ण गेली कित्येक वर्षं बघते आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगते की तुम्ही वर्णन केलंय त्यात मला आजार दिसत नाही. नाक अस्वच्छही नाही. माझ्याकडे बिघडून आलेल्या बहुतेक चेहऱ्यांचं नुकसान ऑपरेशनमुळे झालेलं नसतं. ते नंतरच्या महिनाभरात, नाक ‘साफ’ करण्याच्या घाईत झालेलं असतं. म्हणून काय लावू यापेक्षा, पहिले सहा आठवडे काय-काय लावायचं नाही, हा तुमच्यासाठी मोठा प्रश्न आहे.

काही गोष्टी तुमच्या ऑपरेशनवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. टाके फक्त आतून आहेत की दोन नाकपुड्यांमधल्या दांडीवर बाहेरूनही आहेत? हाड कापून बसवलंय का? कानाची किंवा बरगडीची कूर्चा, किंवा कृत्रिम इम्प्लांट घातलंय का? नाकपुड्यांची रुंदी कमी केली आहे का? त्वचा मुळात जाड-तेलकट आहे की पातळ? पूर्वी मुरुमांचा त्रास होता का? या उत्तरांप्रमाणे मी खाली दिलेले आठवडे पुढे-मागे होतील. तुमच्या सर्जननी माझ्यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण आत काय केलंय ते त्यांनी पाहिलंय.

आता नाक असं का दिसतं ते. नाकाची त्वचा सगळीकडे सारखी नसते. मधल्या दांड्यावर ती पातळ असते, तर शेंड्याकडे आणि नाकपुड्यांवर जाड, आणि तिथे तेलग्रंथी खच्चून भरलेल्या असतात. ऑपरेशनमध्ये ही त्वचा, उशीचा अभ्रा उचलावा तशी, खालच्या हाडा-कूर्चेपासून सोडवतात आणि काम झाल्यावर परत बसवतात. मग वर टेप, त्यावर प्लास्टर. साधारण आठवडाभर त्या भागाला पाणी नाही, हवा नाही. तेल तयार होणं मात्र थांबत नाही, आणि रोज धुऊन निघणाऱ्या मृत पेशी तिथेच साचतात. दोन्ही मिळून रंध्रांच्या तोंडाशी बुचं बसतात. उघडी राहिली की ती काळी दिसतात, वर त्वचेचा पापुद्रा असला की पांढरे दाणे दिसतात. सूज असल्यामुळे रंध्रं एरवीपेक्षा मोठी वाटतात. टेपच्या चिकटद्रव्याने वरचा थर कोरडा होतो, म्हणून सालं. हे बहुतेक सगळं नियमित सौम्य धुण्याने तीन-चार आठवड्यांत आपोआप ओसरतं.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते, ती फार कमी जणांच्या लक्षात येते. नाकाच्या शेंड्याला सध्या स्पर्श नीट कळत नसणार. तिथे येणाऱ्या बारीक नसा त्वचा उचलताना दुखावतात, आणि जाणीव परत यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. बधिर त्वचेला चटका बसल्याचं कळत नाही, बर्फ जास्त वेळ राहिल्याचं कळत नाही, जोरात चोळल्याचंही कळत नाही. म्हणून नाकावर थेट बर्फ नाही, गरम फडक्याचा शेक नाही, आणि तोंड धुवायच्या पाण्याचा अंदाज नाकाने न घेता मनगटाने घ्यायचा.

धुवायचं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण निम्मं काम तिथेच होतं. बेसिनवर खाली वाकू नका. मान खाली गेली की चेहऱ्यात रक्त उतरतं, सूज ठणकते. सरळ उभ्या राहा किंवा खुर्चीत बसा. साबण नाही, बिनसाबणाचं, बिनसुगंधाचं सौम्य फेसवॉश तळहातावर पाण्यात पातळ करून घ्या. आधी गाल आणि कपाळ. मग उरलेला फेस दोन मधल्या बोटांच्या पेरांनी नाकावर वरून खाली, नुसता सरकवत आणायचा. आडवं चोळायचं नाही, एका बाजूने दाबायचं नाही. हाड कापलेलं असेल तर ते पक्कं व्हायला साधारण सहा आठवडे जातात आणि तोवर बाजूने पडणारा दाब त्याला नको असतो. नाकपुडीच्या कडेच्या खाचेत तेल सर्वात जास्त साचतं. तिथे ओल्या कापसाचा बोळा टेकवायचा, पाच-दहा सेकंद तसाच धरायचा आणि उचलायचा. फेस काढायलाही पाण्याचा हबका किंवा शॉवरची धार थेट नाकावर नको. ओंजळीतलं पाणी सोडायचं नाहीतर ओला मऊ सुती रुमाल टेकवायचा. टिपायचं तेही तसंच. सकाळी एकदा, रात्री एकदा, बास. त्याहून जास्त वेळा धुतल्याने तेल कमी होत नाही. त्वचा कोरडी पडून अजून सालं निघतात.

सालं ओढू नका. मॉइश्चरायझर लावलं की ती मऊ पडतात आणि धुताना सुटतात. नाकावर हलकं, पाणीदार, बिनसुगंधाचं लोशन किंवा जेल पुरतं. गालांवर नेहमीचं चालेल. पेट्रोलियम जेली फक्त बाहेरच्या टाक्यांच्या रेषेवर आणि नाकपुडीच्या कोरड्या कडेवर, अगदी पातळ, तीही सर्जननी दुसरं मलम दिलं नसेल तर. अख्ख्या नाकावर जेली किंवा खोबरेल तेल लावलंत तर आधीच बुजलेली रंध्रं आणखी बुजतील.

आईंचं म्हणणं मायेचं आहे आणि एरवी धडधाकट त्वचेवर डाळीच्या पिठाने फार काही बिघडत नाही. आत्ता बिघडतं. पीठ कितीही बारीक असलं तरी ते खरवडतं, आणि वाळल्यावर काढताना नाक चोळलं जातंच. हळदीची ॲलर्जी काही जणांना असते, आणि टेपखालून नुकतीच निघालेली त्वचा अशी ॲलर्जी चटकन धरते. बाजारच्या सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते तो धोका वेगळाच. लिंबू तर मुळीच नको; लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळा डाग राहतो. नाकात तूप किंवा तेल सोडायलाही कुणीतरी सांगेलच. आतली खपली मऊ करायला सर्जननी दिलेला मिठाच्या पाण्याचा स्प्रे वापरा. वाफेचं विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते: पडद्याच्या ऑपरेशननंतर काही डॉक्टर ठरावीक दिवसांनी वाफ घ्यायला सांगतात. तुम्हाला सांगितली असेल तर सांगितली तेवढीच. ब्लॅकहेड्स मोकळे व्हावेत म्हणून स्वतःच्या मनाने वाफ घेतलीत तर सूज वाढेल, रक्तही येऊ शकतं.

पार्लरबद्दल माझं मत ठाम आहे. क्लीन-अपमध्ये सुईसारख्या कडीने दाबून ब्लॅकहेड्स काढतात. त्या दाबाने जुळून येणारा भाग हलू शकतो, आणि नाकावरची पुळी फोडल्याने जंतू आत गेले तर ते नुकत्याच सोडवून बसवलेल्या त्वचेखाली पसरू शकतात. इम्प्लांट किंवा कूर्चेचा तुकडा घातलेला असेल तर हे आणखी महागात पडतं. चिकटवून ओढायच्या नाकाच्या पट्ट्यांचंही तेच. त्या ओढताना वरचा थर तर सोलतोच, शिवाय खाली चिकटू पाहणारी त्वचा वर ओढली जाते. फेशियल, मसाज, ब्लीच, स्क्रब हे सगळं किमान सहा आठवडे बंद, आणि नंतरही मसाज सर्जननी होकार दिल्यावरच. भुवयांचं थ्रेडिंग चार आठवड्यांनंतर चालेल, फक्त बाईंना नाकावर हात टेकवू देऊ नका. वरच्या ओठाचं थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग मात्र टाक्यांच्या अगदी शेजारी ओढतं. ते सहा आठवड्यांनंतर.

ब्लॅकहेड्सवर औषध नाहीच असं नाही, फक्त त्याची वेळ अजून आलेली नाही. सालं थांबली, साधं लोशन लावल्यावर चुरचुरत नाही, टाक्यांची जागा बंद झाली, असं साधारण चौथ्या आठवड्याच्या सुमारास होतं. तेव्हा सर्जनना विचारून दोन टक्क्यांचं सॅलिसिलिक ॲसिड एक दिवसाआड रात्री नाकावर लावता येतं. ज्यांना आधीपासून मुरुम आहेत त्यांना मी ०.१ टक्क्याचं अडॅपॅलिन देते, तेही एक रात्र सोडून. ते गरोदरपणात चालत नाही. दोन्ही एकदम सुरू करू नका. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील, तर ते सर्जन आणि त्वचेचे डॉक्टर दोघांनाही सांगा. कधी थांबायचं, कधी परत सुरू करायचं हे त्या दोघांनी मिळून ठरवायचं असतं.

तर आजपासून चौथ्या आठवड्यापर्यंत तुमच्या नाकाचं सगळं काम एवढंच: दोनदा हलक्या हाताने धुणं, हलकं लोशन, आणि ऊन टाळणं. यातलं ऊन सर्वात जास्त दुर्लक्षित होतं, म्हणून त्यावर थोडं थांबते.

डोळ्यांखालचा काळानिळा डाग म्हणजे त्वचेत झिरपलेलं रक्त. ते विरघळताना रंग बदलत जातो, आणि आता तुमचा पिवळट-हिरवट झालाय म्हणजे तो उतरणीला लागला आहे. आणखी आठवडाभरात बहुधा दिसेनासा होईल. पण आपली गव्हाळ-सावळी त्वचा कुठल्याही दाहाला जास्त रंगद्रव्य तयार करून उत्तर देते. त्यात रक्तातलं लोह तिथे रेंगाळलं आणि वरून ऊन लागलं, तर पिवळा डाग जाऊन त्याच जागी तपकिरी डाग बसतो आणि तो महिनोन् महिने हलत नाही. टेपची रॅश उठलेल्या जागी, फोडलेल्या पुळीच्या जागी हेच होतं. म्हणून झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त सनस्क्रीन रोज सकाळी लावा. आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन मिळालं तर उत्तम. डाग गडद करण्यात दिसणाऱ्या प्रकाशाचाही वाटा असतो आणि तो साध्या सनस्क्रीनने पुरेसा अडत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या. ठिपके देऊन थापटत पसरवा, चोळू नका. टाक्यांच्या रेषेवर ती पूर्ण बंद होईपर्यंत सनस्क्रीन नाही. तोवर छत्री किंवा रुंद काठाची टोपी.

टोपी म्हणते, स्कार्फ नाही. दुचाकीवर जाताना आपल्याकडच्या मुली स्कार्फ ज्या पद्धतीने घट्ट आवळून डोक्यामागे गाठ मारतात, त्यात नाक पूर्ण दाबलं जातं. घाम आणि धूळ आत कोंडते ती वेगळीच. सहा आठवडे दुचाकीच टाळता आली तर टाळा, कारण हेल्मेट घालता-काढतानाही नाकाला धक्का लागतो, आणि हेल्मेटशिवाय जा असं मी कुणालाच सांगणार नाही. चष्मा असेल तर तो नाकाच्या दांड्यावर टेकणार नाही अशी सोय सर्जनना विचारून करून घ्या. तंबाखू, सिगारेट, आणि घरात कुणाच्या सवयीने तुम्हीही लावत असाल तर मिश्रीसुद्धा, पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि शेंड्याची त्वचा आत्ता त्याच बारीक वाहिन्यांवर जगते आहे.

डाग लवकर जावा म्हणून औषधाच्या दुकानातून ‘गोरं करणारी’ ट्यूब आणू नका. अशा अनेक ट्यूबांमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो आणि माणसाचा विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल होते, केस येतात, मुरुम फुटतात, आणि ट्यूब थांबवली की आग होते. चेहऱ्यावर स्टिरॉइडचं हे नुकसान मी जवळजवळ रोज बघते. ऑपरेशननंतरच्या त्वचेला ते नकोच नको.

काही सर्जन प्लास्टर निघाल्यावरही काही आठवडे रात्री टेप लावायला सांगतात, सूज आटोक्यात राहावी म्हणून. तुम्हाला सांगितलं असेल तर सकाळी टेप कोरडी ओढू नका. ओल्या कापसाने पाच मिनिटं भिजवा, दोन्ही गालांकडच्या कडा आधी सोडवा आणि मधल्या रेषेकडे या. टेपच्या आकाराचाच लाल, खाजरा पट्टा उठला तर ती चिकटद्रव्याची ॲलर्जी आहे. त्यावर पुन्हा तीच टेप लावू नका आणि दोन दिवसांच्या आत दाखवा.

बाहेरून टाके असतील तर ती रेषा सुरुवातीला लाल, किंचित उंच दिसेल. बहुतेकांत ती सहा महिने ते वर्षभरात इतकी फिकी होते की शोधावी लागते. जागा पूर्ण बंद झाल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सिलिकॉन जेल लावता येतं. अंगावर पूर्वी कुठे जखमेचा व्रण जाड-उंच वाढला असेल, कान टोचल्याच्या जागी गाठ आली असेल, तर ते सर्जनना आत्ताच सांगा.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी सर्जनना गाठा: शेंड्याची त्वचा पांढरीफटक, जांभळी किंवा काळपट होणं, त्यावर फोड येणं, कमी होत आलेली लाली-सूज पुन्हा वाढणं आणि गरम लागणं, पू, ताप, वाढती ठणक, न थांबणारं रक्त, किंवा एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ द्रव टपकत राहणं आणि सोबत डोकेदुखी. ओठाच्या कडेला जर वारंवार तापाचे फोड येत असतील आणि आत्ता नाकाजवळ तसेच पाणीदार फोडांचे झुबके उठले, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं. त्याला वेगळं औषध लागतं आणि ते लवकर सुरू करावं लागतं.

आता लग्न. त्या दिवशी तुम्ही ऑपरेशनपासून जवळजवळ सात आठवड्यांवर असाल. काळानिळेपणा गेलेला असेल, सूज बरीच उतरलेली असेल. शेंडा किंचित फुगीर वाटेल. तो पूर्ण बसायला वर्ष लागतं, जाड त्वचेला त्याहून जास्त. पण हे फक्त तुम्हाला आरशात कळेल, मांडवात कुणाला कळणार नाही. हळदीच्या दिवशी खरी काळजी हळदीची नसून ती फासणाऱ्या हातांची आहे. मागून येऊन चेहरा माखणारे दीर-भावोजी-मावसभाऊ प्रत्येक घरात असतात. आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, हातापायांना लावून घ्या, गालाला एखादं बोट. नाकाला कुणाचाही हात नको.

नथीचं तीन गोष्टींवर ठरेल. दाबाची नथ असेल तर ती नाकपुडी चिमटीत धरते. नाकपुड्यांच्या बुडाशी टाके पडले असतील तर या लग्नात ती नको. तसं काही केलेलं नसेल, तर सहाव्या आठवड्याच्या तपासणीला नथ सोबत घेऊन जा आणि सर्जनना प्रत्यक्ष दाखवून विचारा. होकार मिळाला तर हलकी नथ फोटोपुरती घाला, जेवायला बसण्याआधी काढा; दिवसभर नको, कारण बधिर जागेवर ती रुतली तरी तुम्हाला कळणार नाही. नाक टोचलेलं होतं आणि ऑपरेशनसाठी चमकी काढली होती असं असेल, तर छिद्र आकसलेलं असू शकतं. घरी तार घालून ते उघडू नका. नव्याने टोचायचं तर काही महिने थांबून, सर्जनना विचारून.

मेकअप चालेल, पण लग्नाच्या आधी आठवडाभर तेच फाउंडेशन गालाच्या कडेला दोन-तीनदा लावून बघा, ऐनवेळी नवं काही नको. मेकअप करणाऱ्या ताईंना नाकाचं ऑपरेशन झालंय हे आधी सांगा, म्हणजे ब्रश हलका चालेल आणि नाकाच्या बाजूंना स्पंज दाबला जाणार नाही. रात्री कितीही उशीर झाला तरी मेकअप उतरवूनच झोपायचं: मायसेलर वॉटरने भिजवलेला कापूस नाकावर अर्धा मिनिट टेकवून धरायचा, वरून खाली एकदा सरकवायचा, लागला तर दुसरा बोळा घ्यायचा, आणि मग नेहमीचं सौम्य धुणं.